सालदार गोलंदाज : ९१७ चेंडूंचा हिशेब

आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसानं क्रिकेटवर व्याख्यान द्यावं, याचं काहींना नवल वाटेल. वाटू द्या. आज आपल्याला क्रिकेटपेक्षा कसबाबद्दल, म्हणजे ज्याच्या हातात कसब आहे आणि जो ते विकून पोट भरतो अशा माणसाबद्दल बोलायचं आहे. त्यासाठी आम्ही एक सामना निवडला आहे, आणि त्या सामन्यातला एक आकडा.

मार्च १९४५, मुंबईचं ब्रेबॉर्न स्टेडियम. रणजी करंडकाचा अंतिम सामना, मुंबई विरुद्ध होळकर. मुंबईच्या पहिल्या डावात ४६२ धावा, होळकरांच्या ३६०. दुसऱ्या डावात मुंबई ७६४, त्यात विजय मर्चंट यांच्या एकट्याच्या २७८. होळकरांपुढे ८६७ धावांचं आव्हान. त्यांनी ४९२ केल्या आणि ३७४ धावांनी हरले. चार डाव मिळून २०७८ धावा. हा सामना कुणाच्या लक्षात आहे? क्रिकेटच्या जुन्या वेडगळ लोकांना विचारा. मर्चंटांचे २७८ सांगतील, मुश्ताक अलींची दोन्ही डावांतली शतकं सांगतील, डेनिस कॉम्प्टनचे नाबाद २४९ तर नक्कीच सांगतील. कॉम्प्टन तेव्हा इंग्रजी सैन्यात महूला होता आणि होळकरांकडून खेळत होता.

आमचा आकडा यातला नाही. आमचा आकडा आहे ९१७.

होळकरांचा एक लेगस्पिन गोलंदाज होता. पहिल्या डावात त्यानं ६४ षटकं ५ चेंडू टाकले, १५३ धावांत ६ बळी. दुसऱ्या डावात ८८ षटकं, २७५ धावांत ५ बळी. मुंबईचे वीस गडी बाद झाले, त्यातले अकरा याचे. एकूण चेंडू ९१७. प्रथम श्रेणीच्या एका सामन्यात एका माणसानं टाकलेले जगातले सर्वांत जास्त चेंडू. आणि त्याच सामन्यात त्यानं दिलेल्या ४२८ धावा, हाही विक्रमच. म्हणजे सर्वांत जास्त राबल्याचा मान आणि सर्वांत जास्त मार खाल्ल्याचा शिक्का, दोन्ही एकाच पोत्यात बांधून त्याच्या पाठीवर दिले.

त्याचं नाव कोट्टारी सुब्बण्णा नायडू. लोक सी. एस. म्हणत. भारताचे पहिले कसोटी कर्णधार सी. के. नायडू यांचा धाकटा भाऊ. जन्म १९१४, नागपूर. आता तुम्ही म्हणाल, नागपूरचा माणूस, इंदूरकडून खेळला, मुंबईत हरला, यात आमच्या अमरावती-अकोल्याचा काय संबंध? दोन संबंध आहेत. पहिला साधा आहे. ज्या प्रांतात तो जन्मला त्याच्या नावातच वऱ्हाड होतं: मध्य प्रांत व वऱ्हाड. १९०३ पासून आपले जिल्हे नागपूरला जोडलेले होते आणि पुढे रणजीत या प्रांताचा जो संघ उतरला त्याच्याही नावात 'बेरार' होतं. दुसरा संबंध जरा खोल आहे. सी. एस.ची कारकीर्द समजायला जो शब्द लागतो, तो शब्द आपल्या शेतातला आहे.

तो शब्द म्हणजे सालदार.

इथं बसलेल्या पन्नाशीच्या पुढच्या कुणालाही सालदार समजावून सांगायला नको. पण ही व्याख्यानं आता परगावचे, परदेशातलेही लोक ऐकतात, म्हणून सांगतो. गुढीपाडव्याला शेतमालक आणि मजूर समोरासमोर बसायचे. "यंदा सालाचे किती घेशीन गा?" मग घासाघीस. ठरलं की वर्षभर तो माणूस त्या वाड्याचा. त्याची बैलजोडी, त्याची वखरणी, त्याचा डवरा, रात्रीची जागल, सगळं सालात. पाऊस पडो न पडो, पीक येवो न येवो, साल ठरलेलं. आणि पुढच्या पाडव्याला तो दुसऱ्या वाड्यावर जाऊ शकतो. निदान कागदावर तरी. प्रत्यक्षात आधीची उचल फिटलेली नसते, म्हणून पुष्कळदा तो तिथंच राहतो. याच्या उलट कापसाची वेचणी. बाया वेचतात, संध्याकाळी तोल होतो, जितका कापूस तितके पैसे. मोबदल्याच्या या दोन रीती आपल्याला लहानपणापासून ठाऊक आहेत: सालावर आणि तोलावर. हे दोन शब्द लक्षात ठेवा. पुढं लागतील.

आता सी. एस.कडे परत जाऊ. त्याच्या संघांची यादी बघा: मध्य भारताचा 'सेंट्रल इंडिया', मग बडोदा, मग होळकर, मग बंगाल, आंध्र, उत्तर प्रदेश, शेवटी मध्य प्रदेश. तीस वर्षं हा माणूस प्रथम श्रेणी क्रिकेट खेळला, १९३१-३२ पासून १९६१-६२ पर्यंत. १७४ सामने, ६४७ बळी. बडोद्याकडून १९४२-४३ च्या एका रणजी हंगामात ४० बळी घेतले. एका हंगामात चाळिशी गाठणारा तो पहिला. त्या वर्षी करंडक बडोद्याला गेला.

हा नुसता भटकेपणा नव्हता. संस्थानिकांच्या काळात संघ जमवण्याची रीतच अशी होती. राजाला चांगला खेळाडू हवा असे, आणि खेळाडूला पोट असे. मग सैन्यात हुद्दा द्यायचा, दरबारात जागा द्यायची. सी. के.ना तुकोजीराव होळकरांनी १९२३ मध्ये इंदूरला बोलावलं आणि सैन्यात कॅप्टन केलं. विजय हजारे देवासच्या महाराजांकडे होते, मग बडोद्याला गेले. खेळ हीच चाकरी, पण वहीत दुसरंच काही लिहिलेलं. पगार मैदानावरच्या घामाचा, नाव हुद्द्याचं. मोठ्या खेळाडूला ही व्यवस्था मानाची वाटे. पण तिच्या तळाशी सालच होतं. मालकाची मर्जी फिरली, गादीवर दुसरा आला, की वाडा बदलायचा. आणि १९४७ नंतर वाडेच मोडले. होळकरांचा संघ पंचावन्नच्या सुमाराला संपला. सी. एस. तेव्हा चाळिशीत होता. त्या वयात बंगाल, आंध्र, उत्तर प्रदेश अशी जी नावं त्याच्या नावापुढं लागतात, ती आम्हाला मिरवणुकीसारखी वाटत नाहीत. खांद्यावर घोंगडी टाकून पाडव्याच्या सकाळी निघालेल्या माणसासारखी वाटतात. हा आमचा अर्थ आहे, कुणी वेगळाही लावू शकेल.

आता दुसरा आकडा, आणि हा जास्त बोचणारा. सी. एस. भारताकडून ११ कसोटी सामने खेळला. पहिला १९३४ मध्ये. १९३६ आणि १९४६ चे इंग्लंड दौरे त्यानं केले. या ११ कसोटींत त्याचे बळी किती? दोन. सरासरी १७९.५०. विक्रमांच्या पुस्तकात हाच आकडा चिकटून राहिला. थट्टा करणाऱ्यांना यापेक्षा काय हवं? पण हिशेब करा. त्या ११ सामन्यांत मिळून त्याला टाकायला मिळाले जेमतेम सव्वापाचशे चेंडू. म्हणजे देशाच्या अकरा सामन्यांत मिळून जेवढे दिले, त्याच्या जवळजवळ पावणेदोन पट चेंडू होळकरांनी त्याच्याकडून एका सामन्यात टाकून घेतले. लेगस्पिन हे सावकाश पिकणारं पीक आहे. दोन षटकं टाकून ते येत नाही. फलंदाज चुकेपर्यंत मार खायची तयारी लागते, आणि कर्णधाराकडे तेवढा धीर लागतो. धीर द्यायचा नाही आणि सरासरी मागायची, हा कुठला न्याय?

इथं आमच्यातला जुना मास्तर जागा होतो. गोलंदाजाच्या कष्टाचं कुणी कौतुक करायला लागलं, की आपल्याकडे एक वाक्य हमखास येतं: फळाची आशा न धरता राबला बिचारा. निष्काम कर्मयोगी! आम्ही पस्तीस वर्षं गीता वर्गात शिकवली आहे, तिच्याबद्दल आमच्या मनात आदर आहे, म्हणूनच सांगतो की हा तिचा गैरवापर आहे. फळाची आसक्ती सोडायची, हे कर्त्यानं स्वतःच्या मनाशी ठरवायचं असतं. मालकानं सालदाराला सांगायची ती गोष्ट नव्हे. सालदार फळ सोडत नाही. त्याचं फळ वेगळं ठरलेलं असतं, एवढंच. पीक मालकाचं, साल याचं. ते साल वेळेवर आणि पूर्ण मिळणं हा त्याचा धर्माचा नव्हे, व्यवहाराचा हक्क आहे. क्रिकेटमध्ये गंमत अशी की पीक म्हणजे करंडक, तो राजाचा, धावा फलंदाजाच्या, आणि साल किती, कुणाला किती, हे आपल्या इतिहासलेखनात कुणी विचारतच नाही.

कॉम्प्टनची एक गोष्ट या सामन्याबद्दल नेहमी सांगतात. कुणा श्रीमंत व्यापाऱ्यानं त्याला म्हटलं, शंभराच्या पुढं जितक्या धावा करशील, त्या प्रत्येक धावेमागं इतके पैसे देईन. हा पठ्ठ्या २४९ वर नाबाद राहिला. सामना संपल्यावर शोधतो तर शेटजी गायब. चिठ्ठी मिळाली की तातडीच्या कामासाठी कलकत्त्याला गेलो. हसण्यासारखी गोष्ट आहे, हसा. पण एक पाहा. फलंदाजाला तोलावर मोबदला देऊ करणारा कुणीतरी निघाला, भले तो पळून गेला. ९१७ चेंडू टाकणाऱ्याला चेंडूमागं एक आणा देतो, असं म्हणणारा गोष्टीतसुद्धा नाही.

गोष्टीत एक सापडतो, पण जरा मागं जावं लागतं. पळवणकर बाळू. जन्म १८७६, धारवाडचा, चांभार समाजातला. पुण्याच्या जिमखान्यावर महिना चार रुपयांवर खेळपट्टी लोटायचा, जाळी बांधायचा आणि साहेबांना सरावासाठी डावखुरी फिरकी टाकायचा. ग्रेग नावाचा इंग्रज फलंदाज तासन्‌तास याच्यावर सराव करी. असं सांगतात की आपल्याला बाद केल्यास दर वेळी आठ आणे, अशी त्याची बोली होती. म्हणजे महिन्याचं साल वेगळं आणि बळीचा तोल वेगळा! पण त्या सगळ्या वर्षांत बाळूला तिथं एकदाही फलंदाजी करू दिली नाही. बॅट धरणं साहेबाचं, चेंडू टाकणं नोकराचं. पुढं याच बाळूनं १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात ११४ बळी घेतले. हिंदू जिमखान्यानं त्याला संघात घेतलं, कारण त्याच्याशिवाय गोऱ्यांना हरवता येत नव्हतं. मैदानात त्याच्या हातातला चेंडू सगळे झेलत, पण चहाच्या वेळी त्याचा कप निराळा, मातीचा, मंडपाबाहेर. कर्णधारपद त्याला कधीच दिलं नाही. ते पुढं त्याच्या भावाला, विठ्ठलला मिळालं. हे सगळं आपण वाचतो आणि जातीच्या इतिहासात ठेवून देतो. ते तिथंच हवं, यात शंका नाही. पण त्याच वेळी तो श्रमाचाही इतिहास आहे. क्रिकेटमध्ये गोलंदाजी हे पहिल्यापासून राबण्याचं काम मानलं गेलं. इंग्लंडात तर 'जंटलमन' आणि 'प्लेअर' अशी पाटीच होती, हौशी एका दारानं, पगारी दुसऱ्या दारानं, आणि ती पाटी उतरायला १९६२ उजाडावं लागलं. आपल्याकडे दारं दोन नव्हती, कप दोन होते.

आता आपल्या गावाबद्दल बोलायला हवं, आणि इथं जरा जपून बोलू. सी. एस. जन्मला त्याच साली, १९१४ मध्ये, अमरावतीत वैद्य बंधूंनी हनुमान आखाडा सुरू केला. तोच आपला श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ. १९३६ च्या उन्हाळ्यात मंडळाची मुलं बर्लिनला गेली आणि ऑलिंपिकच्या वेळी त्यांनी देशी खेळांची प्रात्यक्षिकं जगापुढं केली. तोच उन्हाळा, तिकडं इंग्लंडमध्ये विजयानगरमच्या महाराजकुमाराच्या हाताखाली आपला क्रिकेट संघ खेळत होता, लाला अमरनाथला मधूनच घरी पाठवण्यात आलं होतं, आणि संघात सी. एस. होता. एकाच प्रांतातून निघालेल्या खेळाच्या या दोन वाटा आहेत. एक वाट व्रताची. शरीर कमवायचं ते देशासाठी, खेळाचा पैसा घ्यायचा नाही. अमरावतीला आणि आमच्या सगळ्या पिढीला या वाटेनं घडवलं, तिचं ऋण मोठं आहे. दुसरी वाट कसबाची. अंगात एक हुन्नर आहे, तो बाजारात न्यायचा आणि त्यावर घर चालवायचं. पहिल्या वाटेच्या तेजात आपण दुसरीकडे नीट पाहिलंच नाही. "पैशासाठी खेळतो" हे वाक्य वऱ्हाडात बरीच वर्षं शिवीसारखं वापरलं गेलं. गवंडी पैशासाठी भिंत बांधतो, वैद्य पैशासाठी नाडी पाहतो, प्राध्यापक तर महिन्याच्या एक तारखेची वाट पाहतो. खेळाडूनंच तेवढं हवेवर जगावं, असं का?

कसब्याचा प्रश्न पैशापेक्षाही हमीचा असतो. विनू मंकड यांचं १९५२ चं प्रकरण घ्या. इंग्लंडमधल्या लँकेशायर लीगमध्ये हॅसलिंगडेन नावाच्या क्लबानं त्यांना पगारी खेळाडू म्हणून बोलावलं. त्याच उन्हाळ्यात भारताचा इंग्लंड दौरा होता. मंकडांनी क्रिकेट मंडळाला विचारलं, मला कसोटीत घ्याल याची हमी देता का? देत असाल तर क्लबाला नाही म्हणतो. हमी मिळाली नाही. मंकडांनी क्लबाचा करार घेतला. त्यांना देशद्रोही ठरवायला फार वेळ लागला नाही. मग लीड्सच्या पहिल्या कसोटीत दुसऱ्या डावात आपले चार गडी शून्यावर गेले, आणि मंडळानं क्लबापुढं हात जोडून मंकडांना सोडवून आणलं. लॉर्ड्सवर त्यांनी ७२ आणि १८४ धावा केल्या आणि इंग्लंडच्या पहिल्या डावात ७३ षटकं टाकून ५ बळी घेतले. सामना हरलो तो हरलोच. पण पाहा, देश ज्याला हमी देत नव्हता त्याला इंग्लंडमधल्या गिरण्यांच्या गावातला एक क्लब हमी देत होता.

सालदाराची दुसरी अडचण अगदी उलटी असते, बांधून घातलं जाण्याची. तिचा निकाल लागला तो अमेरिकेत, बेसबॉलमध्ये. तिथला गोलंदाज म्हणजे पिचर. करारात एक कलम होतं: वर्ष संपलं तरी संघाला तो करार स्वतःच एक वर्षानं वाढवता येई. मालक म्हणत, दर वर्षी एक वर्ष, म्हणजे कायमचं. १९७५ मध्ये अँडी मेसरस्मिथ आणि डेव्ह मॅक्नॅली या दोघांनी म्हटलं, एक वर्ष म्हणजे एकच वर्ष. आम्ही सही न करता ते संपवलं, आता आम्ही मोकळे. डिसेंबरात लवादानं त्यांच्या बाजूनं निकाल दिला, आणि सगळ्या खेळाचा व्यवहार बदलला. ते दोघेही पिचरच होते, हे आम्हाला फार अर्थपूर्ण वाटतं. पाडवा आला की साल संपतं, हे जे आपल्याकडचा अडाणी म्हणवला जाणारा गडी जाणतो, तेच तिथं वकिलांना भांडून मिळवावं लागलं. पुढं त्याच मोकळीकीतून एडविन जॅक्सन नावाचा पिचर चौदा संघांकडून खेळला. सी. एस.चे संघ त्याच्या निम्मे भरतात.

मग आजचं वऱ्हाड. विदर्भाचा संघ १९५७-५८ पासून रणजीत आहे. साठ वर्षं आपण दुसऱ्यांच्या विजयाची वाट मोकळी करून देत होतो, असं म्हटलं तर फार चुकणार नाही. मग २०१७-१८ चा हंगाम. चंद्रकांत पंडित प्रशिक्षक, आणि मुंबईहून व्यावसायिक म्हणून आलेला वसीम जाफर. त्याच्या आधीच्या हंगामात जाफर दुखापतीमुळे खेळू शकला नव्हता, तरी संघटनेनं त्याचे ठरलेले पैसे दिले होते. म्हणून या हंगामात तो पैसे न घेता खेळला. लोक याला त्याग म्हणतात. आम्ही म्हणू, हा चोख हिशेब आहे. मालकानं पाऊस पडला नाही त्या वर्षीही साल पूर्ण दिलं, गड्यानं पुढच्या वर्षी राबून फेडलं. दोन्ही बाजूंची इज्जत राहिली. अंतिम सामना इंदूरला, होळकर स्टेडियमवर. त्याच इंदुरात २००२ मध्ये सी. एस.नं शेवटचा श्वास घेतला होता. माजी कसोटीपटूंना मंडळानं मासिक पेन्शन सुरू केली ती २००४ मध्ये. त्या अंतिम सामन्यात रजनीश गुरबानीनं हॅटट्रिक घेतली आणि करंडक पहिल्यांदा विदर्भात आला. नवा चेंडू हाताळणाऱ्यांत अकोल्याचा एक पोरगा होता, आदित्य ठाकरे. प्रथम श्रेणीतला त्याचा तो पहिलाच सामना.

अकोला क्रिकेट क्लबच्या मैदानानं गेल्या काही वर्षांत जी मुलं दिली त्यांत दर्शन नळकांडे याची कहाणी आमच्या आजच्या विषयाला सर्वांत जवळची आहे. मध्यमगती गोलंदाज. २०१९ च्या हंगामासाठी पंजाबच्या संघानं लिलावात त्याला ३० लाखांना घेतलं. तीन हंगाम तो संघासोबत राहिला. सराव केला, नेटमध्ये चेंडू टाकले, बाकावर बसला. सामने किती? शून्य. साल पूर्ण मिळालं, पण औत धरू दिलं नाही. पैसे मिळाले ना, मग रडतो कशाला, असं कुणी म्हणेल. पण कसबाचं असं आहे की ते न वापरता ठेवलं तर गंजतं, आणि गोलंदाजाची उमेदीची वर्षं असतात किती? दहा-बारा. त्यातली तीन गेली. नोव्हेंबर २०२१ मध्ये सय्यद मुश्ताक अली स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात याच दर्शननं कर्नाटकविरुद्ध शेवटच्या षटकात लागोपाठ चार चेंडूंवर चार बळी घेतले. चार चेंडू, चार बळी! विदर्भ तो सामना चार धावांनी हरला.

आपल्या बुलढाण्याच्या श्रीकांत वाघचं नावही इथं घ्यायला हवं. विदर्भाचा डावखुरा वेगवान गोलंदाज. २०१५ मध्ये इंग्लंडच्या उत्तरेला स्टोक्सली नावाच्या क्लबाकडून खेळताना त्यानं एका डावातले दहाच्या दहा बळी घेतले. मंकडांचीच वाट, फक्त गाव निराळं.

मोबदल्याच्या रीतीही बदलल्या आहेत. रणजीत आता रोजंदारी आहे. २०२१ च्या नियमानुसार अकरांतल्या खेळाडूला दिवसाला ४० हजार, वीसच्या वर सामने झाले असतील तर ५०, आणि चाळीसच्या वर असतील तर ६० हजार. अनुभवाला वेगळा भाव लावला, हे आम्हाला मनापासून आवडलं. पण रोजंदारीच ती. खांदा दुखावला, अकरांतून नाव गेलं, की तो दर गेला. २०२४ मध्ये मंडळानं पाच वेगवान गोलंदाजांना वेगळे वार्षिक करार दिले. पाच! देशभरच्या रणजी संघांत मिळून वेगवान गोलंदाज किती असतील, याचा अंदाज तुम्हीच करा.

आणि आयपीएलमध्ये पुन्हा साल आलं आहे, फक्त पाडव्याच्या बैठकीऐवजी लिलाव. एका गोलंदाजाला एका सामन्यात जास्तीत जास्त २४ चेंडू. सी. एस.चे ९१७ चेंडू पुरे करायचे तर ३८ सामने पूर्ण कोटा टाकावा लागेल, आणि एकोणचाळिसाव्यात आणखी पाच चेंडू. हे चांगलं की वाईट, असं विचाराल तर आम्ही म्हणू, खांद्यासाठी चांगलं. लेगस्पिनच्या कलेसाठी, माहीत नाही. कष्ट कमी झाले म्हणून आम्ही हळहळणार नाही. दुसऱ्याच्या घामाबद्दल हळहळणं फार सोपं असतं. प्रश्न इतकाच उरतो की चोवीस चेंडू टाकायला मिळतील याची हमी कुणाकडे आहे.

८ एप्रिल २०२२. पुन्हा ब्रेबॉर्न. पंजाबनं सोडून दिलेल्या दर्शन नळकांडेला गुजरातच्या संघानं घेतलं होतं, आणि आयपीएलमधला त्याचा पहिला सामना नेमका पंजाबविरुद्धच पडला. समोर पंजाबचा यष्टिरक्षक, अमरावतीचा जितेश शर्मा, ११ चेंडूंत २३ धावा कुटलेला. जितेशही आधी मुंबईच्या संघात एकही सामना न खेळता बसलेला माणूस. दर्शनच्या चेंडूवर जितेशनं फटका मारला आणि शुभमन गिलनं झेल घेतला. पुढच्याच चेंडूवर ओडियन स्मिथ बाद. त्या सामन्याचं सगळं कौतुक शेवटच्या दोन चेंडूंवर दोन षटकार मारणाऱ्या राहुल तेवटियाच्या वाट्याला गेलं. धावफलकावर मात्र एक ओळ राहिली आहे: जितेश शर्मा, झेल गिल, गोलंदाज नळकांडे, २३. अमरावती आणि अकोला यांच्यामधलं शंभरेक किलोमीटरचं अंतर त्या दोघांनी मुंबईत येऊन, दोन परक्या मालकांचे कपडे घालून, बावीस यार्डांवर आणलं. जितेश पुढं पंजाबहून बंगळुरूला गेला. दर्शन गुजरातहून २०२५ च्या लिलावात दिल्लीकडे गेला, किंमत ३० लाख, म्हणजे सहा वर्षांपूर्वी पंजाबनं दिली होती तेवढीच.